तिसरा हात

आईच्या पलंगासमोरची भिंत लांबून बघितली तर बरी होती. धाकटीने पडदे ओढून घेतले, टॉर्च भिंतीला अगदी खेटून आडवा धरला, आणि भिंतीची सगळी लबाडी बाहेर पडली. खड्डे, फुगवटे, जुन्या खिळ्यांची भोकं, कधीकाळी कोणीतरी घाईत मारलेल्या ब्रशचे फराटे. प्रत्येकाची सावली वेगळी आणि लांबच लांब. एरवी सायीच्या रंगाची, गरीब गाय वाटणारी भिंत म्हणजे नुसता खडबडीत माळ निघाला.

“झालं समाधान?” दादाने दारातून विचारलं. तो नुकताच बस डेपोत लावून आला होता. अंगात अजून चालकाचा गणवेश होता आणि हातात डबा. “चांगली भली भिंत होती. तू टॉर्च मारलास आणि तिला रोग झाला.”

“रोग होताच. दिसत नव्हता.”

“काही गोष्टी न दिसलेल्याच बऱ्या असतात, मोजपट्टे. एक पांढरी चादर लाव आणि मोकळी हो.”

“लावून झाली. पंखा सुरू केला की चादरीवर बाईंचं तोंड हलतं.”

“हलू दे की. तोंड हलवायलाच तर बसतात त्या.”

एरवी धाकटी हसली असती. आता हसायचं म्हटलं तरी आधी खाली बसावं लागेल असं तिला वाटलं. तिने टॉर्च बंद केला, तेव्हा भिंत पुन्हा गुळगुळीत आणि साळसूद दिसायला लागली.

दुखणं आईचं होतं. मेंदूत रक्ताची गाठ अडकून झटका आला तेव्हा तिचा उजवा हात आणि वाचा दोन्ही एकदम गेली. समजत सगळं होतं. खोटं बोललं की भुवई चढायची, औषध उशिरा दिलं की तोंड फिरायचं. पण शब्द बाहेर येत नव्हता. जिने कापडाच्या दुकानात अर्धं आयुष्य गिऱ्हाइकांना बोलून गार केलं, जिच्या तोंडाला लागायची मालकाचीही हिंमत नव्हती, ती आता पाणी हवं असलं की पलंगाच्या कठड्यावर अंगठी वाजवायची.

वाचा परत आणायचं काम एका बाईंकडे होतं. त्या लांबच्या इस्पितळात बसायच्या आणि टॅबवर दिसायच्या. स्वतःचं तोंड कॅमेऱ्याजवळ आणून त्या सावकाश ‘पा’ म्हणायच्या, ‘मा’ म्हणायच्या. आईने त्यांचे ओठ बघायचे आणि तसेच करायचे. दादाने त्यांचं नाव ‘ओठवाल्या बाई’ ठेवलं होतं. अडचण अशी की आईला ते ओठ दिसतच नव्हते. झटक्याच्या आधीपासूनच तिच्या नजरेच्या मधोमध एक धूसर डाग होता. ती ज्याच्याकडे सरळ बघेल तेच नेमकं पुसलं जायचं आणि आजूबाजूचं उरायचं. म्हणून काही बघायचं झालं की ती पक्ष्यासारखी मान तिरकी करायची.

धाकटी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. कुठलीही गोष्ट ‘थोडीशी’ किंवा ‘बरीच’ आहे असं सांगितलं की तिला चैन पडत नसे. ‘मोजपट्टी’ हे नाव तिला घरात फुकट मिळालेलं नव्हतं. एके सकाळी तिने आईला समोरच्या एका ठिपक्याकडे बघायला लावलं आणि पेन्सिलीचं टोक चहूबाजूंनी हळूहळू आत आणलं. टोक दिसेनासं झालं की आई डावा हात वर करायची. असं करत डागाची कड सापडली. मग कळलं ते असं, की टॅबवर दिसणारं बाईंचं तोंड त्या डागात अख्खंच्या अख्खं मावतं. इतके दिवस बाई जीव तोडून ‘पा’ करत होत्या आणि आईला दिसत होते त्यांचे दोन कान आणि मागचं कॅलेंडर.

“म्हणजे तोंड मोठं करायला हवं,” धाकटी म्हणाली होती. “डागाच्या बाहेर सांडेल इतकं मोठं.”

“बाईंना सांगतेस का हे, की मी सांगू?” दादाने विचारलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी त्याने डेपोतला प्रोजेक्टर मागून आणला. नव्या चालकांना रस्त्याचे नियम त्याच्यावर दाखवायचे. भरती थांबली होती, तेव्हा तो धूळ खात पडला होता.

तर सायीच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावला, आणि बाई काविळीने आजारी दिसायला लागल्या. ओठ आणि गाल एकाच रंगाचे झाले. वरच्या ओठाच्या मधोमध खिळ्याचं भोक आलं. दिवसाच्या उजेडात तोंडाच्या आतला काळोखही फिकट पिवळा दिसत होता, त्यामुळे जीभ कुठे संपते आणि टाळू कुठे सुरू होतो याचा पत्ता नव्हता. तयार पडदा आणावा तर कपाट आणि दार यांच्या मधली जागा अशा विचित्र मापाची होती की एक तर कपाट उघडलं असतं, नाहीतर पडदा.

बाईंनी मागच्या वेळी शांतपणे सांगितलं होतं. “पुढच्या शुक्रवारी आपण बघू. मावशींनी समोरचं बघून एकदा जरी आवाज काढायचा प्रयत्न केला, तर बोलण्याचा सराव चालू ठेवू. नाही जमलं तर चित्रांची पाटी देऊ. पाणी, औषध, दुखतंय, झोपायचंय. त्यांनी बोट ठेवायचं. पाटी वाईट नसते हं. पुष्कळ लोकांचं आयुष्य सोपं होतं तिने. पण मग माझी ही वेळ मला दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागेल.”

बाईंचं म्हणणं योग्य होतं हे धाकटीला कळत होतं. तरी रात्री पाठ टेकली की तिच्या डोळ्यांपुढे ती पाटी यायची. त्यात पाण्याचं चित्र असेल, पलंगाचं असेल. ‘हे काय घातलंयस, पडद्याचं कापड उरलं होतं का?’ याचं चित्र कोण काढणार होतं?

म्हणून भिंत.

रंगाच्या दुकानात ती प्रयोगशाळेत जाता जाता शिरली. रंगवाला काउंटरवर रंगांचे नमुने पत्त्यांसारखे पिसत होता. भिंत खराब आहे, आधी ती सपाट करायचीय, असं तिने सांगितलं.

“लांबी किती?” त्याने विचारलं.

“साडेसात फूट.”

रंगवाला थांबला. “फुटांत नाही हो ताई, किलोंत.”

“भिंतीची लांबी किलोंत कशी सांगू?”

“भिंतीची नाही, भरायची लांबी. खड्ड्यांत भरतात ती. पांढरी, लोण्यासारखी असते बघा. ती लांबी.”

“हो का,” धाकटी म्हणाली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. “मला वाटलं...”

“उंची मागू नका फक्त. ती ठेवत नाही मी.” तो स्वतःच्याच विनोदावर मनापासून खूश झाला. “आणि रंग? पडदा करायचाय म्हणता, तर पांढराशुभ्र देतो.”

“नको. फिकट राखाडी हवा. अजिबात चकाकी नसलेला. आणि निळसर झाक नको, पिवळसर नको, हिरवट तर नकोच.”

“म्हणजे तुम्हाला रंगच नकोय, असं सरळ सांगा ना.”

त्यात खोटं काही नव्हतं. प्रोजेक्टर उजेड फेकतो. काळं त्याला फेकता येत नाही. तो जिथे उजेड टाकत नाही तिथे जे उरतं त्याला आपण काळं म्हणायचं, आणि तिथे उरते ती भिंत. आईची खोली दिवसा पूर्ण अंधारी होत नव्हती. भिंत थोडी दबलेली असली तर उघड्या तोंडातला काळोख काळोखासारखा दिसेल, आणि त्यात जीभ वेगळी उठून दिसेल, असा धाकटीचा हिशेब होता. चकाकी असली तर मधोमध दिव्याचा झोत चमकत बसला असता. हे सगळं तिने रंगवाल्याला सांगितलं. तो ऐकत होता की दुसऱ्या गिऱ्हाइकाचा ब्रश शोधत होता ते कळलं नाही.

“ऐका,” डबा ढवळायच्या यंत्रावर चढवत तो म्हणाला. “लांबी भरा, वाळली की घासा. प्रायमरचा एक हात. मग रंगाचे तीन हात. दोन हातांत भागवायला जाल तर पट्टे दिसतील, मग माझ्या नावाने बोटं मोडाल. दोन हातांच्या मध्ये चांगले चार तास जाऊ द्या. आणि एकदा हात सुरू केला की मध्ये फोन घ्यायचा नाही, चहा प्यायचा नाही. रोलर वरून खाली, एका दिशेने, जोर न लावता.”

लांबीवरून शोभा झाली होती, तेव्हा ‘हात’ म्हणजे काय हे धाकटीने विचारलं नाही. संदर्भावरून लागलं. रंगाचा एक थर म्हणजे एक हात. शब्द तिला आवडला. बसमध्ये तिने तो मनातल्या मनात दोनतीनदा वापरूनही बघितला.

त्या घरात बहीणभाऊ एकमेकांना दारात भेटत. दादा पहाटेची पाळी करून दुपारी यायचा, धाकटी दुपारी निघून संध्याकाळी. उंबऱ्यावर चाव्या एका हातातून दुसऱ्या हातात जायच्या आणि त्याबरोबर आईही. “जेवण निम्मं. औषध दिलंय. पाठीला थोडं लाल झालंय, कुशीवर ठेव.” एवढं बोलून एक जण आत आणि दुसरा बाहेर. पूर्वी ही दोघं तास तास भांडायची, सिनेमावरून, नातेवाइकांवरून, शेवटच्या बिस्किटावरून. आता भांडायलाही दोघांनी एका वेळी घरात असावं लागतं, तेवढी सोय नव्हती. कधीकधी धाकटीला वाटायचं की आपण दोघं एकाच खुर्चीवर पाळीपाळीने बसणारे पहारेकरी आहोत.

भिंतीचं काम मग सकाळच्या वेळात, तुकड्यातुकड्यांनी चाललं. आईला चाकाच्या खुर्चीत बसवून बाहेरच्या खोलीत न्यायचं, दार लोटायचं, आणि आत घासत बसायचं. लांबी भरताना मजा आली. घासताना मात्र आली नाही. पॉलिश पेपरने पांढरी भुकटी उडायची आणि पापण्यांवर, दातांवर, कोपराच्या घडीत जाऊन बसायची. टॉर्च आडवा धरला की अजून एक उंचवटा सापडायचाच. एका दुपारी प्रयोगशाळेत तिच्या केसांकडे बघून सहकारी म्हणाली, “एकदम पिकलीस की गं.” धाकटी म्हणाली, “हो,” आणि कामाला लागली.

गुरुवारी सकाळी रंगाचे दोन हात झाले. खरं तर पहिला बुधवारीच द्यायचा होता, पण बुधवारी आईला ताप आला आणि दिवस त्यातच गेला. दुसरा हात देऊन धाकटी मागे सरकली तेव्हा निघायची वेळ टळून गेली होती. मधे फिकट पट्टे दिसत होते, रंगवाल्याने सांगितलं होतं तसेच. दादा अजून आला नव्हता. शेजारच्या काकूंना पाच मिनिटं बसवून ती धावत सुटली आणि बसच्या दांड्याला लोंबकळत तिने फोनवर आवाज भरून पाठवला.

“दादा, दोन हात झालेत. तिसरा तू दे, चारनंतर. त्याच्या आधी नको. वरून खाली, एकाच दिशेने, जोर लावू नकोस. आणि एकदा सुरू केलास की मध्ये थांबू नकोस, पूर्ण कर. उद्या बाई बघणार आहेत.”

दादाचा उलट निरोप आला. “देतो. काळजी करू नकोस.”

आणि तिने खरोखरच केली नाही. त्या दुपारी पाण्याचे नमुने तपासताना तिला पुष्कळ दिवसांनी हलकं वाटलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दादा आईच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसला होता. चेहऱ्यावर काम फत्ते केल्याची शांती होती. आई मात्र फुगून बसली होती. तिचा उजवा हात उशीवर ठेवलेला होता आणि त्यावर ओला रुमाल.

“दिला बघ तिसरा,” दादा म्हणाला. “तू सांगितलंस अगदी तसा. वरून खाली, न थांबता. शेवटी शेवटी तिने डाव्या हाताने माझ्या थोबाडीत ठेवून दिली, पण मी म्हटलं, मोजपट्टीने सांगितलंय ना पूर्ण कर, मग पूर्ण करायचा.”

धाकटी आतल्या खोलीत गेली. भिंत तिने सकाळी सोडली होती तशीच होती, पट्ट्यांसकट. रोलर ट्रेमध्ये वाळून काठीसारखा कडक झाला होता. ती बाहेर आली.

“कशाला दिलास?”

“कशाला म्हणजे?”

“तिसरा हात. कशाला दिलास?”

दादाने आईच्या हाताकडे बघितलं, मग धाकटीकडे. आईच्या हाताचा व्यायाम त्या घरात दिवसातून तीनदा व्हायचा. खांद्यापासून मनगटापर्यंत उचलायचा, वळवायचा, सोडायचा. त्यालाही ती दोघं ‘हात’च म्हणत होती. सकाळचा हात, दुपारचा हात. बुधवारच्या तापामुळे तिसरा आज नको असं डॉक्टर म्हणाले होते, आणि तसं कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं होतं.

“फ्रिजवर नको लिहिलंय,” दादा सावकाश म्हणाला. “मला वाटलं तू डॉक्टरांशी बोललीस. उद्या बाई बघणार आहेत म्हणालीस, म्हणून...”

“बाई हात कशाला बघतील? भिंत! भिंतीचा तिसरा हात!”

“भिंतीला हात कधीपासून फुटले?”

“रंगाचा हात, दादा. रंगाच्या थराला हात म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“सगळे म्हणतात!”

“परवापर्यंत तू लांबी फुटात मागत होतीस.” दादाचा आवाज चढला. “या घरात हात म्हटलं की कुठला हात असतो? सांग ना. सकाळी उठल्यापासून कुठला हात? मी बस चालवतो तेव्हाही माझ्या डोक्यात तिचाच हात असतो. सिग्नलला थांबलो की मनगट वळवतो मी, वर, खाली. शेजारचा रिक्षावाला बघतो माझ्याकडे.”

“चूक माझी. शब्द चुकला माझा. पण नुसतं आत डोकावून बघितलं असतंस तर रोलर दिसला असता.”

“नाही बघितलं. भिंत बघायची ताकद नव्हती.” तो उठून उभा राहिला. “तुला खरं सांगू? उद्या काही होणार नाहीये. राखाडी कर, जांभळी कर. तू भिंत घासतेस, कारण भिंत घासता येते.”

घासता येत होती म्हणूनच ती घासत होती. आईच्या डोक्यातली ती बंद पडलेली जागा कुठल्याही पेपरने घासता येणार नव्हती, टॉर्च आडवा धरून दिसणारही नव्हती.

“हो,” ती म्हणाली. “मग? तुला काय घासता येतंय?”

आई मान तिरकी करून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिने डाव्या हाताने अंगठी खुर्चीच्या दांड्यावर वाजवली. एकदाच, पण जोरात. लहानपणी ती याच सुरात ‘पुरे’ म्हणायची.

“रोलर गेला कामातून,” धाकटी म्हणाली.

“दुकान उघडं असेल?”

“असेल.”

दादा चप्पल घालून खाली गेला. परत आला तो नवा रोलर घेऊन आणि तोंडभर हसू दाबत. “रंगवाला विचारत होता, ताईंना उंची मिळाली का.”

तिसरा हात दोघांनी मिळून दिला. धाकटीने ब्रशने कडा आखल्या, आणि तिच्यामागोमाग, कड ओली आहे तोवर, उंच दादाने रोलर वरून खाली ओढत आणला. तिने एक पट्टा आखायचा, त्याने तो भरायचा. थांबायचं नव्हतं, म्हणून बोलणंही तेवढ्यापुरतंच. “सरक.” “खाली राहिलंय.” “दाबू नकोस.” “दाबत नाहीये.” आई दारात खुर्चीवर बसून ऐकत होती. धाकटीचा खांदा इतका भरून आला होता की शेवटची कड तिने डाव्या हाताने आखली, पण आपण दोघं एका वेळी एका खोलीत आहोत हे तिला मध्येच जाणवलं, आणि ते बरं वाटलं. काम संपल्यावर दादा तिच्या नाकावरचा राखाडी ठिपका अंगठ्याने पुसायला गेला आणि त्याने तो आणखी पसरवला.

शुक्रवारी दादाने पाळी बदलून घेतली होती. धाकटीने भिंतीच्या कडांना लावलेली चिकटपट्टी अलगद सोडवली, खिडकीचे पडदे ओढले, आणि प्रोजेक्टर सुरू केला. आधी निळा चौकोन, मग फिरतं चक्र, मग बाई.

“बाप रे,” दादा म्हणाला. “घरातच आल्या.”

भिंत कुठे गेली ते कळत नव्हतं. कपाट आणि दार यांच्या मधोमध एक चेहरा होता, निरोगी, स्वतःच्या रंगाचा. बाई कॅमेऱ्याजवळ सरकल्या. ओठ भिंतभर झाले. त्यावरच्या बारीक उभ्या रेघाही मोजता आल्या असत्या. बाईंनी तोंड उघडलं तेव्हा आतला काळोख चक्क काळा होता आणि त्यात जीभ स्पष्ट, गुलाबी, वेगळी.

“मावशी, आता दिसतंय?”

आईने मान तिरकी केली, मग सरळ केली, मग पुन्हा तिरकी. डावा हात वर गेला. दिसतंय.

“छान. माझ्याबरोबर. पा.” ओठ मिटले, सुटले. “पा.”

आई बघत राहिली.

“मा. ओठ मिटायचे फक्त. मा.”

काही नाही. बाई घाई करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी ‘पा’ पुन्हा केलं, ‘मा’ पुन्हा केलं, ‘बा’ करून बघितलं. आईचे डोळे भिंतीवर खिळले होते, आणि ओठ होते तसेच होते, डाव्या बाजूला जरा ओढलेले. धाकटीने स्वतःचेच ओठ मिटून धरले होते, जणू तिने मिटले तर आईचे मिटतील. डाग ओलांडला होता, रंग बरोबर होता, काळोख काळा होता. जे मोजून दुरुस्त करता येण्यासारखं होतं ते सगळं झालं होतं, आणि पलीकडे ही एवढी शांतता उरली होती. दादाने तिच्याकडे बघितलं नाही. त्याबद्दल तिला त्याचे आभार मानावेसे वाटले.

“हरकत नाही, मावशी,” बाई म्हणाल्या आणि हसल्या. भिंतीवर दात उमटले, एकेक दात ताटाएवढा.

आईचे खांदे हलले. धाकटी घाबरून उठणार, इतक्यात तिला कळलं की आई हसते आहे. आवाज न करता, एका गालाने. मग आईने डावा हात उचलला आणि तर्जनी स्वतःच्या वरच्या दातावर ठेवली.

“काय झालं?” बाईंनी विचारलं, आणि नीट दिसावं म्हणून आणखी जवळ आल्या. आता धाकटीलाही दिसलं. बाईंच्या वरच्या दोन दातांच्या फटीत जेवणातलं काहीतरी हिरवं अडकलं होतं. भिंतीवर ते तळहाताएवढं पान झालं होतं.

आई बोटाने दात ठोकत होती. तिला ते सांगायचं होतं. दुकानात समोरच्या बाईच्या झंपरचं बटण तुटलेलं दिसलं की ती सांगितल्याशिवाय राहायची नाही, तोच तो जुना आवेश तिच्या मानेत भरला. तोंड उघडलं. जीभ वर गेली, चुकली, पुन्हा वर गेली आणि दातांच्या मागे टेकली.

“द...” आई म्हणाली. “दा.”

आवाज गंजलेला होता, आणि फार जाड. तरी तिचाच होता.

दादा ताडकन उभा राहिला. “मला! मला हाक मारली!” तो पलंगाकडे धावला तो नेमका झोताच्या मधून, आणि बाईंच्या तोंडावर त्याची भलीमोठी सावली पडली. “आई, मी इथेच आहे. बोल.”

“दा!” आई चिडून म्हणाली आणि डाव्या हाताने त्याला बाजूला ढकलायला लागली. तिला दात दिसेना. “दा! दा!”

“इथे आहे गं,” दादा म्हणाला. त्याने तो ढकलणारा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे डोळे भरून वाहत होते, आणि त्याला त्याचं भान नव्हतं.

“मला काही दिसलं नाही,” भिंतीवरून बाईंचा आवाज आला. “आवाज ऐकला मी. मावशी काय म्हणाल्या? शब्द कोणता होता? मला नोंदवायचाय.”

धाकटीला शब्द माहीत होता. बोट दातावर होतं, नजर दातावर होती, यात शंकेला जागा नव्हती. तिने दादाच्या पाठीकडे बघितलं. गणवेशाचा शर्ट खांद्यावर उसवला होता आणि तो शिवायला घरात कोणाला सवड झाली नव्हती.

“‘दा’ म्हणाली,” ती म्हणाली. “पुढचं अजून यायचंय.”

“पुष्कळ झालं,” बाई म्हणाल्या. “फारच छान. म्हणजे सराव चालू ठेवायचा. ओठांपेक्षा त्यांना जीभ सोपी जातेय बहुतेक. पुढच्या वेळी ‘दा’पासूनच सुरू करू.”

धाकटी पलंगाच्या कडेवर टेकली. आईचं मात्र अजून संपलं नव्हतं. तिने हात सोडवून घेतला, दादाची हनुवटी धरली, त्याचं तोंड भिंतीकडे वळवलं आणि स्वतःच्या दातावर पुन्हा दोनदा ठोकलं.

दादाने भिंतीकडे बघितलं. मग आईच्या बोटाकडे. मग परत भिंतीकडे, त्या हिरव्या पानाकडे.

“दात?” तो म्हणाला.

आईने समाधानाने डोळे मिटून उघडले.

दादा जमिनीवरच बसला. काही क्षण तो काय करणार आहे ते कळेना. मग त्याचं पोट हलायला लागलं. “दात,” तो म्हणाला. “इतक्या दिवसांनी तोंड उघडलं, आणि पोराला सोडून, दात.” त्याने बाहीने डोळे पुसले. “बाई, रागावू नका, तुमच्या दातात काहीतरी अडकलंय. आमच्या आईला ते केव्हापासून सांगायचंय.”

भिंतीवर एक प्रचंड हात आला आणि त्याने तोंड झाकलं.

बाईंचा निरोप घेऊन झाला. भिंतीवर पुन्हा निळा चौकोन आला.

“आई, आता एकदा दादा म्हण की,” दादा जमिनीवरूनच म्हणाला. “अर्धं तर झालंयच.”

आईने त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघितलं, आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

“दमली ती,” धाकटी म्हणाली.

“मीपण,” दादा म्हणाला. त्याने डोकं पलंगाच्या कडेला टेकवलं, धाकटीच्या गुडघ्याशेजारी.

तिच्या निघायच्या वेळेला अजून थोडा अवकाश होता. प्रोजेक्टर घुमत होता आणि तो बंद करायला कोणाला तरी उठावं लागणार होतं.